भाषण द्या, पण बॅग भरून ठेवा: हरदयाळ, खानखोजे आणि १९१४ ची एक अटक

आजचा एपिसोड ठरलेला नव्हता. ठरला होता गाविलगडाचा. पण मध्ये घरून एक फोन आला आणि विषय बदलला.

फोन माझ्या मावसभावाचा. तो राहतो परतवाड्याला, आम्ही अचलपूरला, म्हणजे तसं एकच गाव, मध्ये फक्त बिच्छन नदी. बी.ई. झालंय, अमेरिकेत एम.एस.ला ॲडमिशन मिळालीये, घरात आनंदीआनंद. आणि पठ्ठ्या रात्री साडेअकराला मला विचारतो, "दादा, मले एक सांग. ते इन्स्टावरचे जुने पोस्ट ठेवू का उडवू?"

मी म्हटलं, काय टाकलंस बाबा असं? तर काही नाही. कॉलेजात असताना कापसाच्या भावावरच्या मोर्चाचे दोन फोटो. एक गाझावरची स्टोरी, तीही शेअर केलेली, स्वतःची नाही. आणि ट्रम्प यांच्यावरचं एक मीम, जे मला खरं सांगायचं तर फार विनोदी वाटलं नाही.

त्याची भीती खोटी नाही. अमेरिकन व्हिसाच्या फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची हँडल्स २०१९ पासून विचारतातच. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी आपली प्रोफाइल 'पब्लिक' करून ठेवावीत, असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं. म्हणजे अर्ज भरायच्या आधी कुलूप काढून ठेवा, आम्ही आत येऊन बघू.

त्याला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. "झोप आता, उद्या बोलू" म्हटलं आणि स्वतःच जागत बसलो. डोक्यात एकच प्रश्न: दुसऱ्याच्या देशात राहणाऱ्या माणसाला तोंड उघडायचा हक्क असतो की नाही? शोधता शोधता पोचलो ते आपल्याच विदर्भात. वर्ध्यात.

अचलपूरहून अमरावतीमार्गे वर्धा साधारण दीडशे किलोमीटर. तिथे १८८० च्या दशकात पांडुरंग सदाशिव खानखोजे नावाचा मुलगा जन्माला आला. शाळा वर्धा आणि नागपुरात. टिळकांच्या राजकारणाने भारलेला. विशीतच घर सोडलं, १९०६ च्या आसपास जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. खिशात पैसे नाहीत. शिकायचं काय होतं? दोन गोष्टी. शेती आणि लढाई. एका बाजूला ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजात शेतीशास्त्र. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियात सॅन राफेल इथल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकादमीत लष्करी शिक्षण. कापूसपट्ट्यातला पोरगा शेती शिकायला गेला हे समजतं. पण कवायत? ती कशासाठी, ते उघड आहे.

आता तेव्हाचा तो किनारा डोळ्यांसमोर आणा. आजचा सिलिकॉन व्हॅलीवाला भारतीय नाही. लाकूड कापण्याच्या गिरण्यांमध्ये, रेल्वेच्या कामावर, फळबागांमध्ये राबणारे पंजाबी मजूर, बहुतेक शीख, त्यातले कितीतरी ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांच्या झोपड्यांत घुसून त्यांना मारहाण केली आणि गावाबाहेर हाकललं. या मजुरांच्या लक्षात एक गोष्ट आली. चिनी किंवा जपानी माणसावर हल्ला झाला की निदान त्याचं सरकार तक्रार तरी करतं. आपलं सरकार? आपलं सरकार म्हणजे इंग्रज. ते तक्रार करत नाही, उलट इथेही आपल्यामागे हेर लावतं.

खानखोजे सुट्टीत याच गिरण्यांमध्ये काम करायचा. तिथेच पोर्टलंडच्या पंडित काशीराम यांच्यासारखे लोक भेटले. आधी लहान लहान मंडळं, मग १९१३ मध्ये त्यातून मोठी संघटना उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांचं साप्ताहिक निघालं, 'गदर'. आधी उर्दूत, मग पंजाबीत. पेपरच्या नावानेच लोक पक्षाला ओळखू लागले. पक्षाच्या कामाचे दोन भाग सांगतात, प्रचार आणि प्रहार. प्रचार हरदयाळकडे. प्रहार, म्हणजे लष्करी बाजू, आपल्या वर्ध्याच्या खानखोजेकडे.

इथे थांबून एक गोष्ट साफ बोलतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी विचारेलच. 'गदर' काही मवाळ पेपर नव्हता. इंग्रजांविरुद्ध हत्यार उचला, असं तो सरळ सांगत होता. हे लोक फक्त मतं मांडत होते असं म्हणून मी त्यांना साबणाने धुऊन काढणार नाही. पण त्यांनी अमेरिकेविरुद्ध काही म्हटलं नव्हतं. आणि १९१४ च्या मार्चपर्यंत त्यांनी जे काही केलं होतं ते होतं छापणं आणि बोलणं.

ते बोलणं ऐकायला एक माणूस नेमाने येत होता. विल्यम हॉपकिन्सन. आधी कलकत्ता पोलिसात, मग कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यात व्हँकुव्हरला. त्याला हिंदुस्थानी यायची. अधिकृत काम कॅनडाचं, पण तो हद्द ओलांडून अमेरिकेत यायचा, हरदयाळच्या भाषणांची टिपणं घ्यायचा आणि अहवाल पाठवायचा. थोडक्यात, लाइव्हस्ट्रीमचे स्क्रीनशॉट काढणारा माणूस, फक्त वहीत.

आता प्रश्न असा, की ही टिपणं घेऊन करायचं काय? हरदयाळवर फौजदारी खटला भरायचा तर गुन्हा दाखवायला हवा. ज्युरीसमोर पुरावा हवा. आणि भाषण देणं हा अमेरिकेत गुन्हा नाही, ती घटनेतली पहिलीच दुरुस्ती आहे, अमेरिकन माणूस ती छातीवर बिल्ल्यासारखी मिरवतो. समोरच्या दाराला एवढी सगळी कुलपं. पण घराला मागचं दार होतं.

ते मागचं दार म्हणजे इमिग्रेशन कायदा.

याची गोष्ट थोडी आधीपासून सांगावी लागेल. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे तीन चिनी मजुरांचं प्रकरण आलं, फाँग यू टिंग नावाने ते ओळखलं जातं. त्यांच्याकडे रहिवासाचा दाखला नव्हता. कोर्टाने म्हटलं, देशाबाहेर काढणं ही शिक्षाच नाही. शिक्षा नाही म्हटल्यावर शिक्षेसोबत येणारी संरक्षणंही नाहीत. ज्युरी नाही. या एका वाक्यावर पुढची सव्वाशे वर्षं उभी आहेत. मला तर हा निकाल वाचताना घाम फुटला. पायात बेड्या, महिनोन्‌महिने कोठडी, घरदार सुटलेलं, आणि कागदावर लिहिलंय, ही शिक्षा नव्हे.

मग १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला. मारणारा स्वतःला अराज्यवादी म्हणवायचा, म्हणजे कुठलंच सरकार नको असं मानणारा. गंमत बघा, तो जन्मलेला अमेरिकेतच होता. पण कायदा झाला परदेशी लोकांविरुद्ध. १९०३ चा कायदा म्हणाला, अराज्यवादी विचारांच्या परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचं नाही, आणि आला असेल तर तीन वर्षांच्या आत हाकलता येईल. कृती नव्हे, विचार. पहिला मोठा बळी जॉन टर्नर, एक इंग्रज कामगार पुढारी. न्यूयॉर्कमध्ये भाषण दिलं, तिथेच पकडला गेला, एलिस बेटावर कोंडला गेला. त्याचे वकील होते क्लॅरन्स डॅरो, त्या काळातलं फार मोठं नाव. तरी १९०४ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. कोर्टाचा सूर असा, की ज्याला देशात यायलाच मनाई आहे, त्याने इथल्या जनतेच्या हक्कांवर दावा सांगू नये.

दहा वर्षांनी हेच दार हरदयाळसाठी उघडलं. मार्च १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याला इमिग्रेशनच्या माणसांनी पकडलं. आरोप: अराज्यवादी, नको असलेला परदेशी. ब्रिटिशांचा आग्रह मागे होताच. हरदयाळचं म्हणणं असं, की अमेरिकेचं सरकार इंग्रजांपुढे लोटांगण घालतंय, आणि शिवाय मला इथे येऊन तीन वर्षं उलटून गेलीत, तुमचा कायदा मला लागूच होत नाही. तो १९११ च्या सुरुवातीला आला होता. म्हणजे हिशोब वर्षांचा नाही, आठवड्यांचा होता.

हजार डॉलरच्या जामिनावर तो सुटला. आणि मग? मग त्याने निकालाची वाट पाहिली नाही. गुपचूप देश सोडला, स्वित्झर्लंडला गेला. पेपर रामचंद्र नावाच्या सहकाऱ्याने पुढे चालवला, पण ज्याच्या लेखणीवर तो उभा राहिला होता तो माणूस अमेरिकेतून गेला तो गेलाच. कुठल्याही कोर्टाने त्याला दोषी ठरवलं नाही. गरजच पडली नाही. मला वाटतं या हत्याराची खरी धार इथे आहे. खटला जिंकावाच लागत नाही, माणूस आपणहून उठून जातो.

हॉपकिन्सनचं काय झालं? २१ ऑक्टोबर १९१४ ला व्हँकुव्हरच्या कोर्टाच्या इमारतीतच मेवासिंगने त्याला गोळ्या घातल्या. जानेवारीत मेवासिंग फासावर गेला.

त्याच १९१४ चं दुसरं टोक बघा. 'कोमागाता मारू' जहाज तुम्हाला माहीत असेल. ३७६ प्रवासी, २३ मेला व्हँकुव्हरला पोचले आणि दोन महिने बंदरातच जहाजावर अडकवून ठेवले गेले. कोठडी नव्हती, पण उतरायची परवानगीही नव्हती. पाणी आणि अन्नासाठी झगडा. २३ जुलैला बहुतेकांना परत पाठवलं. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबजला उतरले तर स्वागताला पोलिस, आणि गोळीबार. तोवर इंग्रज सरकारने इथे एक वटहुकूम काढून ठेवला होता, परदेशातून हिंदुस्थानात परतणाऱ्यांना अडवून स्थानबद्ध करण्याचा. म्हणजे तिकडे परके म्हणून कोंडायचे, आणि आपल्या घरी आले तरी आत टाकायचे.

या काळात परतलेल्यांत एक मराठी पोरगा होता, तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. गदरवाला होऊन परत आला, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभासोबत फाशी. वय सत्तावीस. मी त्याहून एका वर्षाने मोठा आहे आणि कालच स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये एका बटनाच्या रंगावरून भांडलो. असो.

आणि १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर गदरच्या लोकांवर सॅन फ्रान्सिस्कोत रीतसर खटला चालला. कट केला, अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा मोडला, असा आरोप. तो खटला नि:पक्षपाती होता असं मी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी भर कोर्टात रामचंद्रला एका आरोपीनेच गोळी घातली आणि मार्शलने त्या आरोपीला तिथेच आडवं केलं. पण तिथे निदान ज्युरी होती, साक्षी होत्या, उलटतपासणी होती. हरदयाळच्या वेळी यातलं काही लागलं नव्हतं. शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांनाही पुन्हा हद्दपार करायची तयारी झाली, तेव्हा ॲग्नेस स्मेडलीसारख्या अमेरिकन लोकांनी संघटना काढून ते अडवलं. १९२३ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात सांगून टाकलं, की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिकच होऊ शकत नाही. थिंड यांचेही गदरशी संबंध होते. त्यांचा वकील होता सखाराम गणेश पंडित, नाव अगदी आपल्याकडचं, जन्म अहमदाबादचा. मग सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढायला निघालं. तो मात्र स्वतःची केस जिंकला.

आता आपला वर्ध्याचा माणूस. युद्ध सुरू झालं तसा खानखोजेने अमेरिका सोडली. तुर्कस्तान, इराण, नावं बदलून, पकडला गेला, निसटला. पुढे बर्लिन, मॉस्को, आणि १९२४ मध्ये मेक्सिको. आणि तिथे हा प्रहारवाला माणूस मक्यावर संशोधन करत बसला! चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाला, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जेवणाच्या मेजाचं एक चित्र काढलंय, त्यात भाकरी मोडून वाटणारा माणूस म्हणजे खानखोजे. गुगल करा, आत्ता. वर्ध्याचा चेहरा आहे तो. तीना मोदोत्तीने त्याच्या मक्याच्या कणसांचे फोटो काढलेत, तेही सापडतील.

पण मी हा एपिसोड ज्या एका गोष्टीसाठी केला ती आता सांगतो. देश स्वतंत्र झाला. खानखोजेला मायदेशी यायचं होतं. व्हिसासाठी अर्ज केला. आणि तो नाकारला गेला. कोणी नाकारला? स्वतंत्र भारताच्या सरकारने. का? कारण इंग्रजांनी केलेल्या बंदीच्या यादीत त्याचं नाव अजून होतं. ज्या राज्याविरुद्ध तो लढला ते राज्य गेलं, राजा गेला, झेंडा गेला. यादी राहिली. सरकारी डेटाबेस कोणी साफ केला नाही, असं म्हणा. नंतर चूक दुरुस्त झाली, १९४९ मध्ये तो आला. चाळीसहून जास्त वर्षांनी. पुढे नागपुरात राहिला आणि २२ जानेवारी १९६७ ला तिथेच गेला.

यादी राहते. मावसभावाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगितलं. पोस्ट उडवलीस तरी ज्याने स्क्रीनशॉट काढलाय त्याच्याकडे ती आहे, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं ही तर वेगळीच भानगड.

तो म्हणाला, "पण दादा, ते जुन्या काळचं झालं ना. आता असं कोण करते?"

मग त्याला २०२५ सांगितलं. ८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये महमूद खलील या कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला घराच्या इमारतीतून उचललं. ग्रीन कार्ड होतं त्याच्याकडे, पॅलेस्टाइनच्या बाजूने आंदोलन केलं होतं. गुन्हा कुठलाच नाही. वापरलं ते १९५२ च्या कायद्यातलं एक कलम: या माणसाचं इथे असणं परराष्ट्र धोरणाला बाधक आहे असं परराष्ट्रमंत्र्याने ठरवलं, की झालं. त्याला लुइझियानात नेऊन ठेवलं, २० जूनला सुटला. मधल्या काळात त्याला मूल झालं, तो तिथे नव्हता. २५ मार्चला टफ्ट्स विद्यापीठाच्या एका तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला मास्क लावलेल्या माणसांनी भर रस्त्यात पकडलं. तिने काय केलं होतं? कॉलेजच्या पेपरात तिघांसोबत एक लेख लिहिला होता. सहा आठवडे कोठडीत. आणि कोलंबियातल्या एका भारतीय विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला, ती पकडले जाण्याआधी बॅग घेऊन कॅनडाला निघून गेली. सरकारने आपणहून देश सोडणाऱ्यांसाठी ॲपसुद्धा काढलंय. हरदयाळला तेवढी सोय नव्हती.

कायदा या सव्वाशे वर्षांत जागचा हलला नाही असंही नाही. १९४५ मध्ये हॅरी ब्रिजेस नावाच्या ऑस्ट्रेलियन गोदी कामगार पुढाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही बोलायचं स्वातंत्र्य आहे. ३० सप्टेंबर २०२५ ला बोस्टनच्या एका फेडरल न्यायाधीशाने याच अटकांबद्दल सविस्तर निकाल दिला, की कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी माणसाचा हा हक्क नागरिकाइतकाच आहे. पण निकाल येईपर्यंत आत कोण बसतं? मागचं दार अजून तिथेच आहे. फक्त कोणी कोणी त्यावर हात ठेवून उभं राहतंय.

यावर अमेरिकेला नावं ठेवून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण मग आपलं पुस्तक उघडलं. आपल्या घटनेचं कलम १९, भाषणस्वातंत्र्याचं, सुरूच होतं 'नागरिकांना' या शब्दाने. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, कलम २१, तो मात्र कुणाही व्यक्तीला. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. तो अधिकार ज्या कायद्यातून येत होता तो १९४६ चा, इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतला. तो २०२५ मध्ये बदलला, नवा कायदा १ सप्टेंबरपासून लागू झाला, पण परक्याला बाहेर काढायचा हात आखडलेला नाही. मुंबईत हॉर्निमन सर्कलला सेल्फी काढता ना? तो बेंजामिन हॉर्निमन, 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक. एप्रिल १९१९ मध्ये इंग्रजांनीच त्याला लिहिण्यापायी बोटीत घालून परत पाठवला. आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये, जादवपूर विद्यापीठातल्या पोलंडच्या एका विद्यार्थ्याला कलकत्त्यात सीएएविरोधी मोर्चात दिसला म्हणून देश सोडायची नोटीस मिळाली. कलकत्ता हायकोर्टाने ती रद्द केली. कलम २१ चा आधार घेऊन.

म्हणजे भाऊचा प्रश्न दोन्हीकडे तसाच. परतवाड्याच्या पोराने बोस्टनमध्ये मोर्चात जावं असं ज्याला वाटतं, त्याने पोलंडच्या पोराने कलकत्त्यात जाण्यालाही हरकत घेऊ नये. मी मुद्दाम हे घरच्या ग्रुपवर टाकलं. काकांनी उत्तर दिलं नाही, फक्त 'सुप्रभात'चा फोटो टाकला.

भावाने काय केलं? प्रोफाइल पब्लिक केलं. मीम उडवलं. म्हणाला, "ते तसंही बेकार होतं." गाझावरची स्टोरी तर केव्हाच गेली होती, स्टोरीच ती. कापसाच्या मोर्चाचे फोटो ठेवलेत. मोठी आई त्याच्या मागे लागलीये की तेही काढ, काहून झंझट पाहिजे. तो म्हणतो, तो माझ्या बाबांचा मोर्चा होता. फोटोत बाबा आहेत.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मुंबईला. काय झालं ते पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये सांगेन. गाविलगडही राहिलाय, विसरलो नाही.